वेणीदानाची तालीम

बसवनगुडीतल्या रामनवमीच्या मंडपात कीर्तनकार दासांनी वेणीदानाचं आख्यान लावलं आणि कमलाबाईंची टाळी चुकली. प्रयागला नवरा बायकोला जवळ घेऊन बसतो, आपल्या हातांनी तिची वेणी घालतो, शेंड्याचे तीन बोटं केस कापून संगमात सोडतो. आणि एरवी पाण्यावर तरंगणारा केस तिथे सरळ तळाला जातो, असं दास आळवून गात होते. पलीकडे पुरुषांत त्यांचे यजमान त्रिविक्रमराव डोळे मिटून डोलत होते. चार दिवसांत त्यांनी प्रयागची तिकिटं काढली.

कमलाबाईंचा हात आपोआप वेणीवर गेला. दोन वर्षं त्या चोरून कलप लावत होत्या. निमित्त एवढंसंच. गांधीबाजारातल्या नव्या फुलवालीनं त्रिविक्रमरावांकडे बघून विचारलं होतं, हे तुमचे धाकटे भाऊ का, अक्का? पन्नाशीतही त्यांचं डोकं काळंभोर. मग पुण्याहून आलेल्या शेजारच्या प्रतिमानं बाटली आणून दिली. दर तीन आठवड्यांनी, ते कारखान्यात गेले की, कमलाबाई न्हाणीत बसत. आधी टाळू नुसती चुणचुणायची. पुढे आग होऊ लागली, कानामागे पुरळ उठलं, केस मधूनच तुटू लागले. आता गंगावन जोडून त्या वेणी जाड करत.

डोळा लागला की संगम दिसे. दोन रंगांचं पाणी, संथ. त्यांचा केस बुडतच नसे. काळा रंग धाग्यासारखा सुटत सुटत दूर जाई आणि केस काचेसारखा पांढरा होऊन तरंगत राही. काठावर दास झांजा धरून उभे, पुढचं पद विसरल्यासारखे.

रविवारी त्रिविक्रमराव तेलाची वाटी घेऊन परसात आले. जन्मात वेणी घातली नव्हती, तेव्हा आधी तालीम हवी म्हणाले. कमलाबाईंनी चार सबबी सांगितल्या. शेवटी गंगावन काढून पदराखाली लपवलं आणि पायरीवर बसल्या.

"स्वल्प हळू हं," त्या म्हणाल्या.

कंगवा दोनदा फिरला आणि थांबला. त्रिविक्रमरावांच्या हातात केसांचा पुंजका आला होता. एवढे केस जातायत म्हणजे अंगात काही मोठं दुखणं आहे, प्रयाग राहू दे, उद्याच डॉक्टर गाठू, असं ते बोलत सुटले. आजाराचं नाव पुढे केलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. पण बोलता बोलता ते उरलेले केस बोटांनी हलकेच सारखे करत होते, ते कमलाबाईंना टाळूवर कळत होतं.

"आजार नाही हो. कलप आहे."

मग फुलवालीपासूनचं सगळं त्यांनी सांगितलं. पाठमोरं बोलणं सोपं गेलं. त्रिविक्रमरावांनी कंगवा पायरीवर ठेवला. पेरूच्या झाडात खारोटी चिरकत होती.

"आग होते अजून?"

"होते."

"आणि दोन वर्षं तू हे एकटीनं सोसलंस?"

कमलाबाईंना हुंदका आला. ही बाटली आता पुरे, त्या म्हणाल्या; पण सगळे केस आपल्या रंगाचे होऊन वेणी घालण्याजोगे वाढायला दोन वर्षं तरी जातील. तिकिटांचं काय?

"परत करू. आणि मला वेणी यायला तेवढा वेळ लागणारच की, कमला."

त्यांनी तीन पदर हातात घेतले. मधला कुठला ते विसरले, पुन्हा सोडले. त्यांच्या बोटांचं तेल टाळूला गार लागत होतं. कमलाबाईंनी डोळे मिटले.