आईंच्या डाव्या हाताचं बोट

आमच्या मोठ्या दिरांना घरात सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात. सुरुवात मी केली, टोमणा म्हणून. त्यांना तो मान वाटला, आणि नाव चिकटलं. कशातले तज्ज्ञ, ते मात्र विचारू नका. नळ गळू दे, दाढ दुखू दे, नाहीतर जगात कुठे युद्ध पेटू दे, भाऊजींनी जीभ उचललीच आणि टाळ्याला लावलीच. मोठे आहेत, अहोजाहो करावं लागतं, म्हणून करते. मनात काय म्हणते ते मनातच राहू दे.

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या वाढदिवसाला त्यांनी नवा लॅपटॉप आणला. आई छापखान्याची मुद्रितं तपासतात. जन्मभर कागदावर तपासली, मग छापखान्याने कागद बंद करून फायली पाठवायला सुरुवात केली, तशा त्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही रुळल्या. छान चाललं होतं. पण चांगलं चाललेलं तज्ज्ञांना बघवतं कुठे?

"आई, जग कुठल्या कुठे गेलं! हा बघ, टचस्क्रीन. नुसतं बोट लावायचं!" असं म्हणून बोट लावलावून त्यांनी स्वतःच्या सहलीचे फोटो दाखवले, एकूण एक. जाताना जुना लॅपटॉप उचलून नेला. म्हणे, घरात कचरा कशाला?

आता आईंची कामाची रीत अशी की डाव्या हाताचं बोट कायम ओळीखाली. कागद असो की काच, बोट पुढे सरकतं आणि डोळे त्याच्या मागून चालतात. बोट उचललं की ओळ हरवते, असं त्या म्हणतात. दुरुस्ती उजव्या हाताने.

नव्या लॅपटॉपवरची पहिली फाइल गेली आणि छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "बाई, गुरांच्या पुस्तकात हे काय झालंय? 'गाभण डॉक्टरांना ताबडतोब बोलवावं'?"

मला हसू फुटलं. मग आईंचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं.

"अगं, मी तो शब्द 'गाय'पुढेच घातला होता," त्या फोन ठेवून म्हणाल्या. "मला पक्कं आठवतंय. आठवतंय ना?"

दुसऱ्या फायलीतही तसंच. नसलेल्या चुका होऊन बसलेल्या. मालक माणूस भला, पण त्यांनाही पुस्तकं विकायची असतात. म्हणाले, "एक शेवटची पाठवतो. नाही जमलं तर मग बघू." असल्या 'बघू'चा अर्थ कोणाला कळत नाही?

तज्ज्ञांच्या कानावर गेलं, तसे ते धावत आले. स्क्रीनवर चार ठिकाणी बोट आपटलं आणि निकाल दिला. "लॅपटॉप उत्तम आहे. आईचं वय झालंय. घाबरायचं कारण नाही, डॉक्टरांना दाखवू." हे सगळं आईंच्या समोर, त्या खोलीत नसल्यासारखं. वर मेंदूला व्यायाम म्हणून एक कोड्यांचं पुस्तक दिलं. सशाला गाजरापर्यंत पोचवा! जिने घरभर पुस्तकं वाचून हातावेगळी केली, तिने आता ससे पोचवायचे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आमच्या ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "दादा म्हणतोय म्हणजे असेल काहीतरी." दादा! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि हे बैलामागून चाललेत.

पण आईंनी ते मनाला लावून घेतलं. काम जाईल याचं दुःख होतंच, पण त्या स्वतःलाच घाबरायला लागल्या. गॅस बंद केला का, दार लावलं का, पुन्हा पुन्हा विचारायच्या. शेवटची फाइल येऊन पडली होती, ती उघडेनात.

"तुम्ही करा, मी नुसती शेजारी बसते," मी म्हटलं आणि मटार सोलायला घेतले.

त्यांना चूक सापडली. माऊसने बरोबर जागी क्लिक केलं. डावं बोट सवयीने ओळीवर परत आलं, आणि तिथे लुकलुकणारी उभी रेघ टुणकन उडी मारून बोटाखाली आली! आईंनी शब्द लिहिला, तो पडला भलत्याच ओळीत. त्यांचं लक्षच नव्हतं, नजर कीबोर्डवर. मी शेंगा तशाच टाकल्या.

'नुसतं बोट लावायचं' म्हणे. अहो तज्ज्ञ, दिवे लावलेत!

मग मी शोधलं. डिव्हाइस मॅनेजर उघडला, यादीत टचस्क्रीन सापडला, 'डिसेबल' दाबलं. लॅपटॉपने विचारलं, नक्की ना? इतकं नक्की मला माझ्या लग्नातही नव्हतं.

"आता लावा बोट," मी म्हटलं. "कुठेही लावा."

आईंनी भीतभीत टेकवलं. रेघ जागची हलली नाही. बोट ओळीच्या टोकापर्यंत गेलं, खालच्या ओळीवर आलं, परत गेलं. काही म्हणता काही झालं नाही.

"म्हणजे मी नव्हते गं?"

"तुम्ही नव्हता."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग पान संपेपर्यंत उठल्या नाहीत. फाइल गेली. मालकांचा फोन आला तो पुढच्या पुस्तकासाठी.

रविवारी दुपारी तज्ज्ञ हजर. "आई, हा इथे वायाच जाणार. मी घेऊन जातो, मुलीला होईल." लॅपटॉप उघडून बोट टेकवलं. काही नाही. जोरात दाबलं. अंगठा लावून पाहिला. बोट शर्टाला पुसलं, त्यावर फुंकर घातली. नाचता येईना, तर अंगण वाकडं आहेच. "बिघडवलास ना आई? काय केलंस तू याला?"

मी तोंड उघडलं, तर आईंनी डोळ्यांनी गप्प केलं.

"बघू," म्हणत त्यांनी लॅपटॉप ओढला, डावं बोट ओळीखाली धरलं, आणि उजव्या हाताने कामाला लागल्या. पान सुरळीत पुढे सरकलं.

"माझ्याकडे चालतोय की रे," त्या म्हणाल्या. मग लेकाच्या हातावर मायेने हात ठेवला. "वय झालं की होतं असं. घाबरायचं कारण नाही, डॉक्टरांना दाखवू."

भाऊजींनी चहा अर्धा टाकला. लॅपटॉप न्यायचं नावही काढलं नाही. दारात बूट घालताना त्यांनी खिशातून फोन काढला, आमच्याकडे पाठ केली, आणि हळूच बोट टेकवून पाहिलं. मग दुसरं बोट.

मी दार लावलं. "आई, सांगायचं का त्यांना?"

"सांगू की." आईंचं बोट ओळीखाली परत गेलं होतं. "मला महिनाभर झोप नव्हती. त्याला एक आठवडा झेपेल."