दोन बोटं आत

सन एकोणीसशे एकोणसत्तर. मी एकोणीस वर्षांची होते, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच आमच्या क्रिकेट क्लबचा एक चांगला फलंदाज मी जवळजवळ संपवला होता.

माझे वडील शिंपी. गाव त्यांना मास्तर म्हणे. रविवारी ते क्लबचे अंपायर असत. पायचीतचं अपील झालं की एक डोळा मिटून ते स्टंपपासून पॅडपर्यंत रेघ बघत, गिऱ्हाइकाचा खांदा बघावा तशी. घरचा, दारचा, सगळे सारखे. दादा आमचा विकेटकीपर. त्याला एकदा बाद दिला, तर तो आठवडाभर बाबांशी बोलला नाही. बाबांच्या ते लक्षातच आलं नाही.

त्या वर्षी संघाच्या नव्या पांढऱ्या पँटी आमच्याकडे शिवायला आल्या. बाबा कापत, मी मशीन चालवत असे. त्यात एक वायरमनची होती. हा वायरमन खांबावर चढला की माझी दुकानाच्या दारात कामं निघत. पण खांबाकडे माणूस किती वेळ बघणार? सामना म्हणजे तीन तास उघडपणे बघायची सोय, आणि कुणी कारण विचारत नाही. एवढ्यासाठी बाबांनी कापलेली ती ढगळ पँट मला बघवेना. मी मांडीत दोन्हीकडे दोन दोन बोटं आत घेतली. दिसला छान. खोटं का बोलू.

पहिल्या सामन्यात तो चौथ्या चेंडूवर पायचीत. भोपळा. दुसऱ्या सामन्यात दुसऱ्याच चेंडूवर. दोन्ही वेळा बोट बाबांचंच.

सोमवारी कप्तान दुकानात आला. हा डॉक्टरांचा कंपाउंडर, औषधासारखंच बोलायचा.

"मास्तर, तुमचा वायरमन पाय पुढेच टाकत नाही. या रविवारी शून्य केलं की पुढच्या रविवारी तो पलीकडच्या गावाकडून खेळेल. त्यांना अशी माणसं लागतात."

"भित्रा आहे," दादा म्हणाला.

मला ते पटेना. खाकीत खांबावर सरसर चढणारा माणूस भित्रा कसा? मग आठवलं, दोन्ही सामन्यांनंतर तो सायकल हातात धरून चालत घरी गेला होता. पांढऱ्या पँटीत त्याला सायकलवर टांग टाकता येत नव्हती. माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

शनिवारपर्यंत मी कसेबसे दिवस काढले. मग इस्त्री करत असलेल्या बाबांना सांगितलं.

"बाबा, वायरमनच्या पँटीत चूक झालीय."

"कुणाची?"

"माझी. मांडीत दोन दोन बोटं आत घेतली."

"आणि मी खडूने खुणा केल्या त्या कशासाठी होत्या?"

"ढगळ दिसत होतं."

"कुणाला?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. त्यांनी इस्त्री उभी केली. मुलगी कुणाकडे बघते हे त्यांना चालून गेलं असतं. दुकानातून माप सोडून कपडा गेला हे चालेना. वायरमनला पँट घेऊन बोलावलं.

"तंग होत होती, तर बोलला का नाहीस?"

"तुमच्या मापाला नाव कसं ठेवायचं, मास्तर? मला वाटलं, माझ्याच मांड्या वाढल्या."

"मग ते दोन निर्णय चुकले का, बाबा?" मी विचारलं.

"पाय पुढे नव्हता तो नव्हता. उसव."

मी उसवली आणि खडूच्या खुणेवर पुन्हा शिवली. ते एकेका टाक्यावर नजर ठेवून बसले.

रविवारी तिसराच चेंडू पॅडवर आदळला. समोरच्या संघाने एका सुरात अपील केलं. बाबांनी एक डोळा मिटला, आणि मिटलेलाच ठेवला.

"नाबाद."

"मास्तर, हा बाद नाही तर कोण बाद?" बोलर कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"पाय पुढे आलाय."

"चार बोटं फक्त."

"चार बोटं म्हणजे तीन इंच. तीन इंचांत अख्खी पँट फुकट जाते. टाक पुढचा."

त्यानंतर वायरमन अडीच तास टिकला. एकतीस धावा. मी एकही चेंडू पाहिला नाही. शेजारी बसलेली आई शेवटी म्हणाली, "मैदानात आणखी बारा माणसं आहेत. त्यांच्याकडेही बघ अधूनमधून, लोकांना बरं दिसेल."

कंपाउंडरने पुढे स्वतःचं औषधाचं दुकान काढलं आणि वायरमनचा खेळ आपणच सुधारला, असं मरेपर्यंत सांगितलं. दादा नोकरीसाठी शहरात गेला. गुडघे गेले, ऐट राहिली. आई सगळ्यांत आधी गेली, कुणाला कामाला न लावता. बाबांनी नजर अधू होईपर्यंत अंपायरिंग केलं. त्यानंतरही दोन हंगाम केलं. कुणाची सांगायची छाती झाली नाही.

त्या सामन्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न वायरमनशी झालं. बारा वर्षांनी एकदा जेवताना हे म्हणाले, "तो चेंडू सरळ मधल्या स्टंपवर होता हं." बाबा तेव्हा हयात होते, पण मी त्यांना विचारलं नाही. क्लब अजून चालतो. आम्ही दोघं खुर्च्या घेऊन जातो, आणि दुसऱ्या तासाला हे घोरायला लागतात.