कारंज्याचं गोडं पाणी

दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि त्या कारंज्याच्या कोरड्या हौदात उतरल्या. पितळी तोटीवर खाराचा पांढरा थर चढला होता. भिजवलेल्या चिंचेने त्यांनी तो घासून काढला आणि मग बाभळीचा काटा घेऊन तोटीचं एकेक भोक मोकळं करू लागल्या. काम खरं तर मोलकरणीचं. पण शकुनचा हात धसमुसळा, आणि आज दुपारी अमरावतीहून वच्छला येणार होती.

वच्छला त्यांची धाकटी बहीण. तिच्याकडे कारंजं आधी झालं, हे दुर्गाबाईंचं दुखणं. दूर अमेरिकेत लढाई जुंपली, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि दोघींच्या घरी सारखाच पैसा आला. पण दिवाळीत वच्छला आपल्या कारंज्यातून ओंजळ भरून म्हणाली होती, "पाहा बाई, गोडं हाये." दुर्गाबाईंच्या दर्यापुरात साऱ्या विहिरी खाऱ्या. ती मस्करी होती की साधं कौतुक, याचा विचार दुर्गाबाईंनी केलाच नाही. झोंबलं ते झोंबलंच. दोन महिन्यांत त्यांनी नवऱ्याच्या मागे लागून कारंजं बांधून घेतलं, आणि विहिरीच्या पाण्याने दर आठ दिवसांनी त्याची भोकं बुजू लागली.

त्यांचे यजमान रामराव दात कोरत ओट्यावर आले.

"गोड्या पान्याच्या दोन्ही पखाली कारंज्याच्या टाकीत ओताले लावल्या म्हन्ते शकुन. तीन कोसांवरून पानी आनतो आपन, ते प्याले का उडवाले?"

"एका दिसात वाळून नाही जात तुमी."

"अवो, तुयी बहीन येऊन राहिली, कोनी लाटसायब नाही."

"म्हनूनच," असं म्हणून त्यांनी काटा जोरात खुपसला.

वच्छलेची दमणी दारात थांबली तेव्हा ऊन रणरणत होतं. दुर्गाबाईंनी तिला हात धरून बागेत नेलं आणि चावी फिरवली. पुरुषभर उंच धार उडाली. दुर्गाबाई धारेकडे बघतच नव्हत्या, बहिणीच्या तोंडाकडे बघत होत्या.

"छान हाये," वच्छला मानेवरचा घाम पुसत म्हणाली.

"हात तं घाल. गोडं हाये."

"असंन. बाई, पयले प्याले पानी देनं. जीव चालला उन्हानं."

एवढंच? दुर्गाबाईंच्या अंगाची आग आग झाली. त्यांनी शकुनला हाक मारली. शकुन दारातच घुटमळली, म्हणून त्या स्वतः आत गेल्या.

"मालकीनबाई, गोडं पानी तं समदं टाकीतून हौदात गेलं," शकुन हळूच म्हणाली. "घरात विहिरीचं खारंच हाये."

दुर्गाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पाय घालून घासलेल्या हौदातलं पाणी पाहुणीला द्यायचं तरी कसं? तेही तिच्या डोळ्यांदेखत भरून? शेवटी त्यांनी खाऱ्या पाण्याचा लोटा भरला, सोबत गुळाचा मोठा खडा घेतला आणि खाली मान घालून बहिणीच्या हातात दिला.

वच्छलेने एक घोट घेतला आणि ती थांबली. मग तिने लोटा उचलला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही. गुळाला हातही लावला नाही.

"अजून देनं."

दुसरा लोटा ती सावकाश प्याली, डोळे मिटून.

"आईच्या घरचं अस्संच होतं," ती म्हणाली. "अमरावतीचं पानी फिक्कं लागते, बाई. पाच वर्सं झाले लग्नाले, माही तहान नाही भागली. आई गेली, आता कोन देते असं पानी?" रिकाम्या लोट्यावरून तिची नजर हलत नव्हती. "तुयं बरं हाये. तू रोज हेच पेतेस."

रामरावांनी काही बोलायला तोंड उघडलं. दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा दात कोरू लागले.

"हो," दुर्गाबाई म्हणाल्या, "रोजच."

बोलल्यासारखं करून दाखवावं म्हणून त्यांनी स्वतःसाठीही एक लोटा ओतून घेतला. कापसाचा पैसा आल्यापासून हे पाणी त्यांच्या ओठाला लागलं नव्हतं. वच्छला कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. दुर्गाबाईंनी मोठा घोट घेतला, आणि तो त्यांना गिळवेना.