दोन ब्रेकची गाडी

टेलरबाईच्या दुकानात बायका यायच्या त्या कपडे सैल करून घ्यायला, आणि बसायच्या त्या गप्पा मारायला. आधी शिवण उसवून कापड सोडायचं, मग बाजूला पट्टी जोडायची, आणि तेही पुरेनासं झालं की सरळ नवा गाऊन शिवायला टाकायचा. दिवस भरत आलेल्या बायका तिच्याकडेच वळायच्या, कारण ती स्वतः आठवा महिना ओलांडून बसली होती आणि पोटाला टेप लावताना "अगंबाई, केवढं हे!" असं म्हणत नव्हती. हा मोठाच गुण. बाकीचं जग उठता-बसता तेच म्हणत होतं.

त्या दुपारी दुकानात दोघी होत्या. एक जुळीवाली. तिच्या पोटात दोघं असल्यामुळे ती बाकावर बसली की बाक संपायचं. दुसरी उस्ताद. ही ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण. तिची शिकवणीची गाडी दुकानाच्या दारातच उभी असायची. तिची दुसरी खेप होती, त्यामुळे बाळंतपणावर शेवटचा शब्द तिचा. शेवटचाच कशाला, पहिला आणि मधलेही तिचेच.

"डाव्या कुशीवर झोपायचं आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी," उस्ताद सांगत होती. "आणि नवऱ्यानं ती उशी ओढली तर नवरा खाली, उशी वर."

"मी तर बसूनच झोपते," जुळीवाली म्हणाली. "आडवी झाले की जळजळ घशाशी येते. आणि जरा डोळा लागला की हे दोघं कबड्डी सुरू करतात."

"थोडं थोडं खा. आणि बॅगेत चार्जरची लांब वायर टाक. तिथली सॉकेटं पलंगापासून कोसभर लांब असतात. मागच्या खेपेला मी फोन लावायला उठले, तर सिस्टर अंगावर धावून आली."

टेलरबाई हसत हसत ऐकत होती आणि मनात सगळं साठवत होती. तिला सल्ले हवेच होते, कारण घरात द्यायला कोणी नव्हतं. नवरा जहाजावर आचारी. जहाज बंदराला लागायच्या आत बाळ येणार हे नक्की होतं. आई यायची होती, पण तिलाही अजून अवकाश होता. तोवर वेळ आली तर? माझं डोकं चालेल का, की हातपाय गळून मी नुसती बसून राहीन? या एका धास्तीनं ती पोखरली होती. नवऱ्याचा फोन आला की "सगळं ठीक" म्हणायची आणि फोन ठेवला की रडायची.

त्याच धास्तीपोटी तिनं उस्तादकडे गाडी शिकायला घेतली होती. कळा सुरू झाल्या तर म्हणे आपली आपण दवाखान्यात जाणार! सगळ्याजणी पोट धरून हसल्या होत्या. उस्ताद मात्र हसली नाही. "शीक," एवढंच म्हणाली. "कळा येताना नाही चालवायची, पण शीक."

पण शिकणं काही जमेना. घोळ वेगळाच होता. टेलरबाईचा पाय वर्षानुवर्षं मशीनच्या पेडलवर मुरलेला. मशीनला पाय दाबला की सुई पळते आणि थांबायचं असलं की पाय उचलायचा, बस्स. आता समोर कोणी आडवं आलं की घाबरून ती गाडीतही पाय उचलायची. दोन्ही पाय. सगळ्यावरून. आणि गाडी आपली निवांत पुढे. शिकवणीच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो आणि तो इकडच्या ब्रेकला जोडलेला असतो. उस्तादनं तिकडे दाबला की टेलरबाईच्या पायाखालचं पेडलही आपोआप खाली जायचं. आजवर दर वेळी तसंच झालं होतं. "अगं बये, ही शिलाई मशीन नाही," उस्ताद रोज ओरडायची, आणि टेलरबाई रोज "चुकले" म्हणायची.

"आणि पिशवीत चपलांचे जोड दोन ठेव," उस्तादचं चाललंच होतं, "कारण एक भिज..."

वाक्य तिथंच राहिलं. उस्तादनं टेबलाची कड धरली, खाली बघत राहिली आणि मग जणू काही झालंच नाही अशी म्हणाली, "एक भिजतो."

जुळीवालीनं भुवया उंचावल्या. उस्ताद बोलता बोलता थांबली होती! पाऊस मध्येच थांबतो, लाइट मध्येच जाते, उस्ताद मध्येच थांबत नाही. थोड्या वेळानं ती पुन्हा तशीच थांबली. मग पुन्हा. आणि आता ओठही घट्ट मिटलेले.

"उस्ताद, तुम्हाला कळा येताहेत," टेलरबाई म्हणाली.

"खोट्या आहेत."

"कशावरून?"

"गेल्या आठवड्यात दोनदा धावत गेले, दोनदा परत पाठवलं. दुसऱ्या वेळी काउंटरवरची बाई म्हणते, 'या, फिरायला आलात?' आता डोकं बाहेर आल्याशिवाय मी त्या दारात पाय ठेवणार नाही."

"आणि डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?" जुळीवालीनं दरडावलं. "पहिलं झटपट झालं, हे त्याहून झटपट होईल, जरासुद्धा रेंगाळू नका. तुम्हीच आम्हाला दहा वेळा ऐकवलंय!"

उस्ताद उत्तर द्यायला उठली आणि तिच्या पायाखालची फरशी ओली झाली. एकदम तिघीही बोलायला लागल्या.

उस्तादचा नवरा दुसरी गाडी घेऊन शिकाऊ पोरांबरोबर गावाबाहेर होता आणि फोन उचलत नव्हता. अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले पाठवतो, पण पुलावर गर्दी आहे, वेळ लागेल. उस्तादनं पुढची कळ दातओठ खात काढली आणि हाताची मूठ टेलरबाईपुढे उघडली. मुठीत गाडीची किल्ली.

"मी?" टेलरबाई किंचाळलीच.

"मग काय ही? ही स्टिअरिंगमागे मावणार आहे का? शिकाऊ परवाना तुझ्याकडे आहे, शिकवणारी तुझ्या शेजारी आहे. सगळं नियमात बसतं. चल!"

जुळीवाली मागच्या सीटवर चढली, म्हणजे टप्प्याटप्प्यानं आत गेली. टेलरबाईनं सीट मागे सरकवली तर पाय पोचेना, पुढे घेतली तर पोट स्टिअरिंगला टेकलं. शेवटी मधलं काहीतरी जमवलं. गाडीत मिळून पोटातलीही धरली तर सातजणं बसली होती.

"नजर रस्त्यावर," उस्ताद म्हणाली. "मी ओरडेन, शिव्या देईन, काहीही करेन. माझ्याकडे बघायचं नाही. क्लच. पहिला. हळू सोड. हळूऽऽ!"

गाडी एक गचका खाऊन निघाली. बेकरीवरून, शाळेच्या भिंतीवरून, पाण्याच्या टाकीखालून. दोन कळांच्या मधे उस्ताद शिकवत होती आणि कळ आली की नुसती हुंकारत होती. "दुसरा टाक... उजवीकडे घे... आई गं... इंडिकेटर कोण देणार, माझा सासरा?" मागून जुळीवाली "श्वास सोडा, श्वास सोडा" म्हणत होती. टेलरबाईला वाटलं ती आपल्यालाच सांगतेय, म्हणून तीही सोडत होती.

बाजाराच्या चौकात उस्तादचा आवाज बदलला. आता ते शिकवणं राहिलं नव्हतं. "येतंय," ती म्हणाली, "लवकर." आणि नेमकी त्याच क्षणी गल्लीतून एक भाजीची हातगाडी रस्त्यात आडवी आली.

टेलरबाईच्या पायाखालचं पेडल खाली गेलं, टायर किंचाळले, आणि गाडी हातगाडीच्या अलीकडे थांबली. दोन टोमॅटो बॉनेटवर येऊन पडले. भाजीवाल्यानं गाडीत डोकावून बघितलं, हातगाडी मागे ओढली आणि स्वतःच हात हलवत रस्ता मोकळा करून दिला. वाचवलं बाई उस्तादनं, असं मनात म्हणत टेलरबाईनं पहिला गिअर टाकला.

दवाखान्याच्या पायरीशी गाडी तिरकी उभी राहिली. काउंटरवरच्या बाईनं मान वर केली, उस्तादचा चेहरा बघितला आणि एक शब्द न बोलता स्ट्रेचरसाठी हाक मारली. उरलेल्या दोघी बाकावर टेकतात न टेकतात, तोच आतून रडणं ऐकू आलं. बारीक, तावातावाचं. "आईवर गेलंय," जुळीवाली म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी त्यांना आत सोडलं. उस्तादच्या कुशीत लाल-गुलाबी मुलगी होती आणि उस्तादच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला होता. नवरा कोपऱ्यात उभा राहून सगळ्याला हो म्हणत होता.

टेलरबाईनं मुलीच्या बोटाला हात लावला. "चौकात तुम्ही ब्रेक दाबला नसता तर काय झालं असतं हो?"

उस्ताद बोलायची थांबली. आणि या वेळी कळही नव्हती.

"मी कुठं दाबला? बाजाराच्या आधीच मी दोन्ही पाय सीटवर घेतले होते. मला पाय होते की नव्हते तेही कळत नव्हतं."

"खरंच," जुळीवाली म्हणाली. "मी मागून बघत होते. पाय पार छातीशी धरले होते."

"पण पेडल खाली गेलं! माझ्या पायाला कळलं."

"तुझ्याच पायानं नेलं, म्हणून कळलं."

टेलरबाईनं मान खाली घातली, तर पोटाच्या पलीकडे तिचे पाय दिसेनात. तिला एकदम हसू फुटलं, इतकं की शेजारच्या पलंगावरच्या बाईनं वळून बघितलं. आतलं बाळही ढुशा द्यायला लागलं.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं फोन लावला. जहाजावर बऱ्याच वेळानं कोणीतरी उचलला, आणि मग नवऱ्याचा घाबरा आवाज आला, "काय झालं? सुरू झालं का? मी तिथं नाही आणि..."

"माझं नाही, उस्तादचं झालं. मुलगी," ती म्हणाली. "आणि ऐक. तू आलास की मला आनंदच होईल. पण तोवर तिकडे जीव टांगणीला लावून बसू नकोस. मी आहे इथं."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती रडली नाही.