पत्र्यावरची स्टेपनी

"रबराला ताजा झेंडू, आन् देवाला कालची फुलं! उतर गं मैना खाली, पाय सटकंल."

दर दसऱ्याला मैनाच्या थोरल्या जाऊबाईंची, धोंडाबाईंची, ही कुरकुर मला अगदी जवळून ऐकू येते. त्या शिडीच्या पायथ्याशी उभ्या असतात आणि मी शिडीच्या वरच्या टोकाला, पत्र्यावर आडवी पडलेली असते.  मैना माझ्या अंगावर हार ठेवते, तळहाताने धूळ पुसते आणि खाली उतरते.

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीचं चाक वाटेत दगा देतं तेव्हा त्याच्या जागी लावतात ते जास्तीचं चाक. आता माझं काम एवढंच, की सायखेड्याच्या या घराचा पत्रा वाऱ्याने उडू नये. पण मीही रस्ता पाहिलेला आहे.

साल चौऱ्याहत्तर असावं. देवळाली कॅम्पात लष्कराने लिलावात काढलेली एक जीप मल्हारीअण्णांनी घेतली. मागचा भाग कापून लाकडी हौदा बसवला आणि तिची पिकअप केली. आम्ही पाच बहिणी, एका मापाच्या. गाडी अण्णांची, पण ती चालवायचा त्यांचा धाकटा भाऊ सहादू. त्याची एक रीत होती. हंगाम बदलला की पाचही चाकं उतरवायची आणि त्यांच्या जागा बदलायच्या. जी स्टेपनी असेल तिने रस्त्यावर यायचं, जी दमली असेल तिने टांगून घ्यायचं. नट आवळताना तो आमच्याशी बोलायचा. "बसून कुणी खायचं नाय, आन् एकटीनं कुणी मरायचं नाय."

अशी माया असलेला माणूस असला की रबरालासुद्धा बरं वाटतं. आम्ही नाशिकच्या बाजारात टोमॅटो नेले, चांदवडहून कांदा आणला. मैना सहादूची नवरी होऊन आली तीही याच हौद्यातून, मुंडावळ्या सांभाळत, एका हाताने मला धरून. त्या दिवशी मी टांगलेली होते म्हणून मला वरात बघायला मिळाली.

आमच्यात एकच खोट होती. आम्ही ठेंगण्या. गोदेकाठची काळी माती पावसाळ्यात अशी ओढते, की गाडी आसापर्यंत रुते. गावातल्या नाथाची उंच गाडी बाजूने चिखल उडवत निघून जायची आणि अण्णांचा चेहरा पडायचा. एकदा बैलजोडी लावून आम्हाला ओढून काढावं लागलं. त्याच दिवशी अण्णा म्हणाले, "बास झालं. मोठी टायरं टाकू."

नाशिकला मुंबई नाक्यावर फकिराचं टायरचं दुकान होतं. अण्णांनी जाड नक्षीचं टायर बघितलं, त्यावर थाप मारली आणि खूश झाले. "हीच चढव. आहे त्याच लोखंडी डिस्कवर."

"अण्णा, पैलवानाला पोराची टोपी घालू नका," फकिरा हसला. "टायर रुंद, डिस्क अरुंद, तर पोट फुगंल आन् वळणावर टायर सरकंल. डिस्कबी मोठी पाहिजे. नटाची भोकं जुळली पाहिजेत. आन् स्टेअरिंग पुरतं फिरवलं तरी टायर आन् मडगार्डच्या मधून हात गेला पाहिजे."

सहादू उकिडवा बसून डावीकडे, उजवीकडे तळहात घालून बघत राहिला. एका मोडीत निघालेल्या मोठ्या जीपच्या डिस्का फकिराजवळ होत्या. चार छान बसल्या. पाचवी त्याने फरशीवर घरंगळवली आणि मान हलवली. "ही लंगडते. दुसरी मिळाली की निरोप धाडतो. पाच पाहिजेत, चार नाय चालणार."

"तोवर?" सहादूने विचारलं.

"तोवर ही जुनी राहू दे. पण लावायची पाळी आलीच तर पुढं लाव, मागं नको. रिकामी गाडी, हळूहळू, थेट घरी. ही ठेंगणी हाय. ब्रेक मारला की गाडी हिच्याकडं ओढंल."

माझ्या चारही बहिणी तिथेच राहिल्या, जुन्या टायरांच्या ढिगात. मी एकटी परत आले, चार उंच अनोळखी चाकांच्या मागे टांगलेली.

निरोप आला. आषाढ चालू होता. सहादू शेतावर होता. नाथा अंगणात गाडी थांबवून, खाली न उतरताच म्हणाला, "अण्णा, फकिरानं सांगितलंय, पाचवं चाक डिस्क बसवून तयार हाय. घेऊन जा."

"जातो, जातो," अण्णा म्हणाले. सोसायटीच्या निवडणुकीचे दिवस होते, त्यांच्या मागेपुढे माणसं होती. ओसरीवर धोंडाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सहादूला कुणीच काही सांगितलं नाही. त्याला कळलं असतं तर तो त्याच पावली नाशिकला गेला असता.

मग श्रावणात टोमॅटो भरून मुंबईला जाताना, इगतपुरीच्या अलीकडे, एका धारदार दगडाने मागचं टायर बाजूने कापलं. ते सांधण्यासारखं नव्हतं. तशा मापाचं टायर इगतपुरीत कुणाकडे नव्हतं. सहादूने गावभर चौकशी केली, पावसात उभा राहिला, भिजलेल्या मालाकडे बघितलं. तो माल आणखी एक दिवस टिकला नसता. मग त्याने दोनदा जॅक लावला. पुढचं मोठं चाक मागे घेतलं आणि मला पुढे, डावीकडे लावलं. फकिराने सांगितलं होतं तसंच, फक्त गाडी रिकामी नव्हती. पायपंपाने माझ्यात हवा भरली. शेवटचा नट आवळून माझ्यावर हात ठेवला. "बये, घाट तेवढा उतरून दे."

मित्रांनो, मी साक्ष देते. माझं तोंड रबराचं आहे आणि मला कुणी विचारलेलं नाही, तरी देते. सहादू वेगात नव्हता. एखादी मोळीवाली पायी चालत असती तर आम्हाला मागे टाकून गेली असती. धुकं होतं, पण रस्ता त्याला दिसत होता. वळणावर समोरून चढणारी लॉरी आली, त्याने ब्रेक दाबला आणि गाडी माझ्याकडे ओढली गेली. माझ्याकडे दरी होती. मी जमीन धरायला गेले, पण तिथे जमीनच नव्हती.

त्यानंतर उतारभर लाल टोमॅटो पडले होते. बाकीचं मी सांगत नाही.

गाडी मोडीत गेली. मैना एवढंच म्हणाली, "ते चाक राहू द्या. त्यांचा हात लागलेला हाय." अण्णांना नाही म्हणता येईना आणि मी डोळ्यांसमोर असलेली सोसवेना. म्हणून त्यांनी मला पत्र्यावर टाकलं. माणसं नको असलेली वस्तू डोक्यावर ठेवतात आणि समजतात, ती नजरेआड झाली.

पण वारा सुटला की माझ्या डिस्कच्या भोकांतून घूं घूं आवाज निघतो, लांबून गाडी येत असल्यासारखा. मैनाचे भाकरी थापणारे हात थांबतात. अण्णा रेडिओ मोठा करतात. माझ्याखालच्या जागेवर ते कधी बसत नाहीत, तिथे पाट मांडला तर सरकवून घेतात. निरोप धाडला होता हे ठाऊक असलेली फकिराची माणसंसुद्धा पुढे या गावात येईनाशी झाली. नाथा वाट बदलून जातो. घरात, पारावर, लग्नात, सगळीकडे एकच बोललं जातं. पोरगं गुणी होतं, पण वेग आवरला नाही. मैना ते ऐकून घेते. तिला दुसरं काही नको आहे. कुणीतरी एकदा म्हणावं, की तो वेगात नव्हता.

माझ्यात अजून थोडी हवा आहे, त्याने भरलेली. वर्षानुवर्षं झिरपत आली आहे. ती पुरती जाण्याआधी कुणी बोलेल का, एवढाच मला घोर असतो.

मुलांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या पाचव्या चाकाकडेही बघत जा. ते उपयोगाला येतं तेव्हा दुसरं काहीच हाताशी नसतं. आणि कुणाचा निरोप आला तर तो ज्याचा आहे त्याला लगेच सांगा. टायर झिजलेलं दिसतं. न सांगितलेला निरोप दिसत नाही.

यंदा, सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला, अण्णांनी नवा टेम्पो घेतला. अंगणात त्याची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. चालवायला गावातलाच यादव नावाचा तरुण ठेवला आहे. मैना हार घेऊन शिडीवर चढली. नवल म्हणजे यंदा खालून कुरकुर आली नाही. धोंडाबाईंनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती.

अण्णा यादवच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "घाटात येड्यावानी पळवू नको बाबा. आमच्या सहादूला येग आवरला नाय, आन् बघ..."

हार माझ्यापर्यंत येता येता थांबला. मैनाची बोटं झेंडूत रुतली.

"अहो, पुरे करा," खालून धोंडाबाई म्हणाल्या.

"काय पुरे?"

शिडी न सोडता धोंडाबाईंनी मान वर केली.

"भाऊजी येगात नव्हते. नाथा या अंगणात सांगून गेला, पाचवं चाक तयार हाय म्हणून. तुम्ही जातो म्हणालात आन् गेला नाय. मी तिथं तांदूळ निवडत होते, मैना. मी समदं ऐकलं, आन् मीबी त्यांना सांगितलं नाय."