अकराव्या वर्षाचं डावं शिंग

क्लेटननं शिंग टेबलावर ठेवलं आणि आईच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "हे घे. बाविसावं."

आर्डिथनं ड्रिल बंद केलं. पत्र्याच्या शेडमध्ये जळक्या हाडाचा वास कोंडला होता. छताच्या साखळीला झुंबर लटकत होतं. वीस शिंगं एकमेकांत गुंतवलेली, प्रत्येकाच्या पोटातून वायर ओवलेली. तार कुठं शिरते नि कुठं निघते, हे उजेडात धरूनही कुणाला सांगता आलं नसतं. ते काम सगळ्या खोऱ्यात एकट्या आर्डिथला जमायचं. शाळेत ती सहावीपुढे गेली नव्हती, पण वाकड्या शिंगाला दोन्ही टोकांनी भोक पाडून मधोमध गाठ घालून द्यायला शाळा लागत नाही, असं ती शिकलेल्यांना ऐकवायची.

ही शिंगं तिच्या घरातली होती. एकाच एल्क नराची, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाची; त्याची शिंगं दर वर्षी गळून नवी येतात. दर वसंतात त्यानं विलोच्या झाडांच्या घळीत शिंगं टाकायची आणि आर्डिथच्या नवऱ्यानं, मर्लनं, ती हुडकून आणायची, असं अकरा वर्षं चाललं. डाव्या-उजव्या दोन्ही शिंगांची तिसरी फांदी आत वळलेली, ही त्या नराची खूण. दहा वर्षांच्या दहा जोड्या भिंतीवर ओळीनं टांगल्या होत्या. अकराव्या वर्षी फक्त उजवं सापडलं. डावं शोधायला मर्ल दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला, आणि शेजाऱ्याला तो ओढ्याकाठी आडवा पडलेला दिसला. घोडा तसाच बाजूला उभा. तेव्हापासून मर्लची वाचा गेली, उजवं अंग गेलं.

याला सहा वर्षं झाली. त्याला एकटं सोडता येत नाही म्हणून आर्डिथ त्याची चाकाची खुर्ची सकाळी शेगडीपाशी आणून लावी आणि स्वतः ड्रिलला बसे. फाटकापलीकडचं जग तिला खिडकीएवढंच उरलं होतं. शेडमधलं दुकान क्लेटनच्या नावावर झालं, घर झालं, मर्लची औषधंही त्याच्याच हातून येऊ लागली. भिंतीवरची शिंगं विकायची हे क्लेटननं तिला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पलीकडच्या खोऱ्यात कुणी ओंडक्यांचं मोठं घर बांधत होता, आणि एका नराच्या अकरा जोड्यांचं झुंबर देतो म्हणून क्लेटन त्याला शब्द देऊन बसला होता. आर्डिथ तेव्हा दोन दिवस मुलाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पहिली जोडी भिंतीवरून उतरवली. न उतरवून जाणार कुठं?

एकविसावं, ते एकटं उजवं, मात्र अजून खिळ्यावरच होतं.

तिनं टेबलावरचं शिंग उचललं. डावं होतं, तिसरी फांदी आत वळलेली, रंगही जुळता.

"कुठं मिळालं?"

"मिळालं कुठंतरी."

"सहा वर्षं डोंगरात पडलेलं शिंग असं राहतं होय रे? उंदरांनी, साळिंदरांनी कधीच कुरतडून संपवलं असेल ते. तुझ्या बापानं तुला एवढंही शिकवलं नाही का?"

क्लेटन म्हणाला की विकत आणलेल्या सुट्या शिंगांच्या खोक्यातलंच आहे, पण शोधायला त्याला आठवडा लागला. आणि असं कितीसं वेगळं आहे? एवढ्या वर टांगणार, कोण शिडी लावून बघणार आहे?

आर्डिथ उठली. तिनं शिंग नेऊन मर्लच्या मांडीवर ठेवलं.

मर्लचा डावा हात त्यावरून फिरला. टोकांवरून खाली आला, आत वळलेल्या फांदीपाशी थांबला. क्षणभर आर्डिथलाही वाटलं, हे तेच. मग अंगठा मुळाशी गेला, जिथं शिंगाला दाणेदार कडं असतं. तिथं तो पुन्हा पुन्हा घासत राहिला. अंगठ्याला तपकिरी रंग लागला. क्लेटननं चहाच्या काळ्या पाण्यात बुडवून रंग जुळवला होता. मर्लनं शिंग उचललं आणि, दुसऱ्याचं पोर कडेवरून उतरवावं तसं, हळूच जमिनीवर ठेवलं.

शेगडीतलं लाकूड तडकलं. क्लेटनची मान खाली गेली होती.

"त्यांना काय कळतंय, आई," तो पुटपुटला, पण पुटपुटतानाच त्याचा आवाज पडला.

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. अंगठ्याला कळतंय."

"मी शब्द दिलाय. आणि दुकान माझ्या नावावर आहे."

"आहे ना. दुकान तुझ्या नावावर. ठप्पा माझ्या नावावर." प्रत्येक झुंबरातल्या एका शिंगाच्या बुडख्याशी ती तापलेल्या लोखंडानं स्वतःचं नि मर्लचं आद्याक्षर उमटवायची, आणि लोक तो ठप्पा बघूनच माल घ्यायचे. "खोटं शिंग चढव खुशाल. ठप्पा कोळशात पडून राहील. लावतोस?"

क्लेटन बाहेर गेला. बराच वेळ फोनवर बोलत अंगणात फेऱ्या घालत होता. परत आला तेव्हा कानशिलं लाल झाली होती. गिऱ्हाइकाला वीसही चालत होती. अकरा जोड्यांचं वेड त्याला नव्हतंच. त्यानं एवढंच विचारलं होतं, की वायर दिसणार नाही ना?

"म्हणजे एवढी सगळी फुशारकी तुझीच," आर्डिथ म्हणाली.

झुंबर गेलं. घोंगड्यांत गुंडाळून चार माणसांनी ट्रकवर चढवलं. आर्डिथ दारात उभी राहिली, फाटकापर्यंत गेली नाही. संध्याकाळच्या आत क्लेटन सांगत आला, त्या माणसाच्या भावालाही झुंबर हवंय.

"एकाच नराचं म्हणून सांगू नकोस म्हणजे झालं. खोकं आण," ती म्हणाली.

भिंत धुरानं काळवंडली होती. तिच्यावर शिंगांच्या फिक्या आकृत्या उरल्या, दहा जोड्यांच्या, आणि शेवटी एक एकटी. तिथलं शिंग तिनं काढून मर्लच्या मांडीवर दिलं होतं. त्याचा अंगठा मुळाशी होता, न घासता, नुसता टेकलेला.

खिडकीतून विलोची घळ दिसत होती. बर्फ वितळून काळी माती उघडी पडली होती. हेच दिवस शिंगं गळायचे.

आर्डिथनं मर्लची खुर्ची खिडकीकडे वळवली, ब्रेक लावला, आणि पुन्हा ड्रिल हातात घेतलं.