बकुळाची नोंद

"बकुळाची नोंद उघडा," कमळाकर सर म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर."

राजसीचा हात माऊसवरच थबकला. अंबरनाथच्या या ज्युनियर कॉलेजाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ती पीएचडीसाठी तीन महिने येत होती. मुलं स्वतःचा अभ्यास कसा आखतात, अडलं की काय करतात, हे तिचं सॉफ्टवेअर टिपायचं. पहिल्याच दिवशी तिने बारावीच्या वर्गाला शब्द दिला होता, की या नोंदी सरांना दिसणार नाहीत.

"मोरिवलीची ती मुलगी सहामाहीत काठावर पास झाली. आणि फिजिक्सच्या कालच्या चाचणीत विसापैकी वीस? कॉपी केलीय तिने."

राजसीच्याही मनात शंका होतीच. बकुळा स्क्रीनवर धडा उघडायची आणि वीस-वीस मिनिटं कशालाही हात लावायची नाही. मग थेट बरोबर उत्तर.

"तिला विचारल्याशिवाय नाही दाखवता येणार, सर."

"मग उद्यापासून लॅब बंद. प्राचार्यांना मी सांगतो."

लॅब बंद म्हणजे राजसीचं संशोधनच थांबणार. तरी तिने लॅपटॉप मिटला. "तिलाच बोलवू या."

बकुळा आली ती दारातच उभी राहिली. राजसीने तिला सगळं सरळ सांगितलं आणि विचारलं, "इतका वेळ नुसती बसून काय करतेस?"

"पाठ फिरवून बसते, मॅडम. धाकट्या बहिणीला शिकवतेय असं समजून मनात बोलते. जिथे अडते, तेवढं वळून बघते."

सरांनी खडू पुढे केला. "मग मला शिकव. लेन्झचा नियम."

बकुळा खडू घेऊन फळ्यापाशी दोघांकडे तोंड करून उभी राहिली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. सर घड्याळ बघू लागले. मग तिने दोघांकडे पाठ केली आणि हळू आवाजात सुरू केलं. चुंबक जवळ आणला की तारेची कॉइल त्याला ढकलते, लांब नेला की ओढते. विद्युतप्रवाहाचा एक बाण उलटा काढला, थांबली, पुसून सुलटा केला.

"मार्क राहतील," सर शेवटी म्हणाले.

नोंदींचा वाद मात्र प्राचार्यांपर्यंत गेला आणि लॅब आठवडाभर बंद राहिली. मग प्राचार्यांनी लेखी अट घातली, की विद्यार्थ्याच्या सहीशिवाय कोणाचीही नोंद मागायची नाही. लॅब पुन्हा उघडली त्या पहिल्याच दिवशी बकुळा राजसीकडे आली.

"तुमच्या संशोधनातून माझं नाव काढा, मॅडम. कोणी बघतंय म्हटलं की आता मनात बोलताच येत नाही."

राजसीने तिच्यासमोरच सगळी नोंद पुसली.